डायना ७५ माळ्यावरून उतरवली आहे. खोलावी की तशीच ठेवावी?

माळ्यावरचा_म्हसोबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमचे मोठे काका ऐंशीच्या दशकात क्लबातर्फे नेमबाजी करायचे. गेल्या वर्षी ते गेले. परवा काकूने फोन करून सांगितलं, "ती लांबलचक पेटी तू घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईल." पेटीत निघाली डायना ७५, म्हणजे स्पर्धेची जर्मन एअर रायफल. डायॉप्टर साईट (बारीक भोकातून नेम धरायची मागची साईट) बिस्किटाच्या डब्यात मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली, पुढच्या साईटच्या कड्या होमिओपॅथीच्या बाटलीत, आणि पांढरे पडलेले छर्रे तीन डब्या. शेवटचा बार नव्याण्णव साली काढला असावा. तेव्हापासून ती माळ्यावरच.

दिसायला झकास आहे. कुंद्याला (लाकडी दस्त्याला) एक ओरखडा नाही. लिव्हर ओढली की कटकट आवाज करत व्यवस्थित येते, कॉक होते (स्प्रिंग दाबून अडकते). पण बार काढला की फुस्स. मित्राच्या क्रोनोवर (छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर) ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला ११० मीटर, मग ९६, मग ११८. दहा मीटरवर छर्रे कुठेही जातात.

कोरडी पडली असेल म्हणून हवेच्या भोकात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. पुढचा बार फटाक्यासारखा वाजला, नळीतून धूर आला आणि घरभर जळका वास. त्यानंतर हात लावलेला नाही.

गावातल्या एका बंदूकवाल्याला दाखवली. त्याने न उघडताच निदान केलं: "स्प्रिंग मेली. जाड टाकून देतो, डबल पॉवर होईल." भावही सांगितला. मी पेटी उचलून घरी आलो.

तर प्रश्न असा की ही स्वतः खोलावी, कुणाकडे द्यावी की भिंतीवर लावावी?

खवट_शेंगदाणा

भिंतीवर लावा. वर डायना, खाली सोफा. पाहुणे चहा झाला की आपोआप उठतील.

लेथवाला

म्हसोबा, ते तेल. अरे देवा.

चाप ओढला की स्प्रिंग आतल्या पिस्टनला पुढे ढकलते, तेव्हा पुढची हवा क्षणात दाबली जाते आणि प्रचंड तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम लागते ना, तेच, पण कितीतरी पटींनी. त्या हवेत पेट्रोलियम तेलाची वाफ असली की ती पेट घेते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं, म्हणून याला डिझेलिंग म्हणतात. छर्रा जोरात जातो, माणूस खूश होतो आणि आत पिस्टनच्या तोंडाशी हवा अडवणारं सील भाजतं. शिलाई मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४०, खोबरेल यांतलं काहीही पिस्टनच्या पुढे जाता कामा नये.

खोलण्याआधी दोन गोष्टी करा.

पहिली: नळी जिथे बसते तिथल्या सीलपाशी टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून छर्रा भरून बार काढा. तुकडा उडाला तर हवा तिथूनच गळते आहे. साधी ओ-रिंग बदलून काम भागेल.

दुसरी: नळीतून मागून पुढे स्वच्छ चिंधी ढकला आणि काय बाहेर येतं ते सांगा.

आणि छर्रा न भरता चाप ओढू नका. पुढे छर्रा असला की दाबलेली हवा पिस्टनला शेवटी उशीसारखी झेलते. रिकामी सोडली तर पिस्टन सरळ भिंतीवर आदळतो.

तिरळा_मोर

परवाना लागतो का हो याला? नाहीतर दुरुस्त करून पोलीस स्टेशनला जमा करायची वेळ यायची.

लेथवाला

आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे २० ज्यूलच्या आतल्या ४.५ मिमी एअर रायफलीला परवाना लागत नाही. ही धड असली तरी साडेसात ज्यूलच्या आसपासची. पण म्हणून खांद्यावर टाकून बाजारात फिरू नका. लांबून ती कुणाला साडेसात ज्यूलची दिसत नाही.

स्वाबियातला_सदा

अहाहा, पंचाहत्तर! मी श्टुटगार्टजवळ राहतो. इथल्या गावच्या नेमबाजी मंडळात दर गुरुवारी जातो. (मंडळ म्हणजे अर्धी नेमबाजी, अर्धी बिअर. क्रम मात्र कडक: बिअर नंतर.) मंडळाच्या कपाटात दोन ७५ आणि तीन फाइनवेर्कबाऊ ३००एस आहेत. अजून चालतात.

डायना हा मूळचा रास्टाटचा कारखाना, १८९० पासूनचा. या रायफलीत कुर्ट गिस नावाच्या अभियंत्याची यंत्रणा आहे. स्प्रिंगच्या बंदुकीचा मूळ रोग असा की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच जड पिस्टन पुढे धावून बंदूक हलवतो. गिसने दोन पिस्टन घातले. पुढचा हवा दाबतो. मागचा काहीच करत नाही, फक्त त्याच क्षणी उलट दिशेला धावतो. दोघांना दातेरी पट्ट्या, मध्ये छोटी दंतचक्रं, त्यामुळे एक निघाला की दुसऱ्याला निघावंच लागतं. लग्नात दोन्हीकडचे मामा एकाच वेळी रुसून विरुद्ध दिशांना निघाले की मांडव जागचा हलत नाही, तसं.

म्हणूनच खोलताना काळजी घ्या. जोडताना एक दाता इकडचा तिकडे झाला की दोन्ही मामांचा ताळमेळ गेला. मग धक्का बसतो किंवा ती कॉकच होत नाही.

फाइनवेर्कबाऊचा इलाज वेगळा. नळीसकट सगळी यंत्रणा कुंद्यातल्या रुळांवर बसवलेली. बार निघाला की ती जराशी मागे सरकते, खांद्याला कळत नाही. पुढच्या वेळी लिव्हर ओढली की परत जागेवर. हे ओबर्नडॉर्फचं काम, माउझर या बंदुकांच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोघांनी काढलेली कंपनी.

माळ्यावरचा_म्हसोबा

टिश्यू हललाही नाही. चिंधीबरोबर मात्र तपकिरी, चिकट भुगा आला. गुळाच्या ढेपेचा तळ खरवडल्यासारखा. जळका वास आहेच.

लेथवाला

झालं निदान. स्प्रिंग मेलेली नाही, सील मेलं आहे.

तुमच्या तेलाने शेवटचा घाव घातला असेल, पण एरवीही ते गेलंच असतं. त्या काळातल्या बऱ्याच जर्मन बंदुकांची पिस्टनची प्लॅस्टिकची सिलं वापरली नाहीत तरी वर्षांनी त्यांचा आपोआप भुगा होतो. लग्नाला घेतलेले बूट दहा वर्षांनी कपाटातून काढून घातले आणि चार पावलांत तळवा गळून पडला, हा अनुभव कुणाकुणाला आहे? तोच प्रकार. दमट हवेत त्या काळचं पॉलियुरेथेन आतून कुजतं. पुढे कंपन्यांनी पदार्थ बदलला.

खवट_शेंगदाणा

माझे बूट मेहुणीच्या लग्नात गेले. वरातीत. एक तळवा बँडवाल्याने परत आणून दिला.

निवृत्त_नाना

माझं मत वेगळं. तेलाला उगाच बदनाम करू नका. माझ्याकडे वाइराउखची एचडब्ल्यू ५५ आहे. नळी मोडून कॉक करायची, जुन्या बनावटीची. पस्तीस वर्षं मी तिला महिन्यातून एकदा तेल पाजतो आणि ती अजून एकाच भोकात छर्रे घालते. कोरडी ठेवली की दोन महिन्यांत फुसकी होते.

लेथवाला

नाना, तुमच्या ५५ मध्ये चामड्याचं सील आहे ना?

निवृत्त_नाना

हो. चामड्याचंच.

लेथवाला

मग आपण भांडत नाही आहोत. चामड्याला तेल हवंच, प्लॅस्टिकच्या सीलला नको. एवढाच फरक आहे आणि यावरून लोक वर्षानुवर्षं वाद घालतात.

घरात पितळी स्टोव्ह होता त्यांना आठवेल. पंप मारला तरी हवा भरेना की आई दांडा बाहेर काढायची, आतला चामड्याचा वायसर बोटांनी फाकवायची, दोन थेंब तेल लावायची आणि परत घालायची. जुन्या एअरगनचं चामडी सील म्हणजे तोच वायसर. फक्त रॉकेल न लावता सिलिकॉन तेल लावा. ते सहजासहजी पेटत नाही.

निवृत्त_नाना

वायसर! वा. तो घालताना एक कड उलटी व्हायची आणि मग सगळ्या घराचा चहा लांबायचा. एकदा मी ५५ चं सील आमच्या चौकातल्या चांभाराकडून करून घेतलं होतं. त्याने विचारलं, "कोणत्या स्टोव्हचा?" मी म्हटलं, जर्मन स्टोव्हचा. अकरा वर्षं टिकलं.

दुधाळीची_ताई

मी कोल्हापूरची. शाळकरी वयात दुधाळीच्या रेंजवर क्लबच्या ३००एस वर सुरुवात केली. पुढे माझं काही झालं नाही, पण त्याच मातीतली तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जागतिक विजेती झाली तेव्हा आम्ही सगळ्या जुन्या पोरींनी पेढे वाटले.

देखभालीबद्दल सांगते. आम्हाला सरांनी बंदूक उघडू कधीच दिली नाही. काम एकच, बार संपले की पुसायची. जिथे जिथे हात लागला तिथे तिथे. घामाचा ठसा राहिला तर पावसाळ्यात एका रात्रीत बोटाच्या रेषांसकट गंज उठतो. मी स्वतः एकीच्या रायफलीवर माझा अंगठा उठवलेला आहे, आधार कार्डच्या कितीतरी आधी. पुसायला सुती फडकं, त्याला तेलाचा नुसता वास.

म्हसोबा, त्या पेटीत रायफल परत ठेवू नका. आतला स्पंज पाणी धरून ठेवतो. उभी, मोकळ्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. कुंद्याला वर्षातून एकदा अळशीचं तेल, तळहाताने चोळून, अगदी पातळ.

आणि ते पांढरे छर्रे टाकून द्या. ती पांढरी भुकटी शिशाची आहे. हात साबणाने धुवा. लहानपणी आम्ही छर्रे ओठांत धरायचो, आठवलं तरी कसंतरी होतं.

दहा_पॉइंट_नऊ

राग मानू नका, पण एवढा खटाटोप कशासाठी? मी सध्या स्टेट खेळतो. आता सगळं काँप्रेस्ड एअर. सिलिंडर भरला की झालं, धक्का शून्य. पात्रता फेरी दशांशात मोजतात, साठ बारांत जास्तीत जास्त ६५४. स्प्रिंगवाल्याने तिथे उभं राहायचं म्हणजे राजदूत घेऊन बाइक रेसला जाणं.

तिरळा_मोर

राजदूतला नावं ठेवू नका. एका किकमध्ये सुरू व्हायची. (चौथ्या.)

दुधाळीची_ताई

@दहा_पॉइंट_नऊ, स्पर्धेपुरतं तुझं बरोबरच आहे. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये एअर रायफल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, आणि त्याच वर्षी फाइनवेर्कबाऊने स्वतःच स्प्रिंग सोडून ६०० हे हवा भरायचं मॉडेल काढलं. मुलगी मला विचारेल तर मीसुद्धा तिला ३००एस घेऊन राज्य स्पर्धेला पाठवणार नाही.

पण एक सांगते. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत जास्त वेळ जातो. तुझ्या रायफलीत चाप ओढला की छर्रा गेलाच. आमच्यात चाप ओढल्यावर पिस्टन धावणार, हवा दाबली जाणार, मग छर्रा निघणार. तेवढ्यात गाल उचललास, श्वास सोडलास, "कुठे लागला?" म्हणून मान वर केलीस की आठ. सर ओरडायचे, "कागदाला भोक पडलेलं दिसेपर्यंत मेलेली राहा!" ती सवय आम्हाला बंदुकीने मारून मारून लावली. तुम्हाला ती कोचने शिकवावी लागते.

दहा_पॉइंट_नऊ

हे खरं आहे. आमचे कोचही फॉलो थ्रूवरून रोज शिव्या घालतात.

संपादक_मंडळ

एक प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. सदस्याने "आम्ही लहानपणी होले टिपायचो, छर्ऱ्याच्या बंदुकीची खरी मजा तीच" असं लिहिलं होतं. पक्षी मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. धागा कागदी टार्गेटपुरता ठेवावा.

खवट_शेंगदाणा

जत्रेतल्या फुग्यांबद्दल बोललं तर चालेल का? तिथे मी आयुष्यभर डावीकडचा फुगा धरून उजवीकडचा फोडत आलोय. त्या बंदुकीची नळी जन्मतःच वाकडी असते आणि मालकाला नेमकी किती ते पाठ असतं.

निवृत्त_नाना

शेंगदाणे, त्याचा तोडगा सांगतो. पहिला छर्रा फुग्यावर मारूच नका. पत्र्यावरच्या एखाद्या डागावर मारा, किती सरकतो ते बघा, मग तेवढं उलट धरा. मी असाच एकदा ओळीने नऊ फोडले. दहाव्याला मालक म्हणाला, "काका, आता पुढच्या जत्रेला."

लीड्सकर

ओळख पटली! माझ्याकडे हीच रायफल आहे, पण नळीवर डायनाऐवजी "ओरिजिनल" कोरलेलं आहे. पहिल्यांदा बघून मला वाटलं फसवलं. आपल्याकडे ज्या वस्तूवर ओरिजिनल छापावं लागतं ती हमखास डुप्लिकेट असते.

नंतर उलगडा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर डायनाची यंत्रसामग्री आणि नाव ब्रिटिशांनी इकडे आणलं आणि स्कॉटलंडमधली मिलब्रो ही कंपनी डायना नावाने बंदुका बनवू लागली. त्यामुळे खऱ्या जर्मन कारखान्याला ब्रिटनमध्ये स्वतःचंच नाव वापरता येईना. त्यांनी "ओरिजिनल" नावाने माल पाठवला. १९८४ ला नाव परत मिळवलं.

तिरळा_मोर

म्हणजे डायनावर डायना लिहिलंय ती स्कॉटिश आणि ओरिजिनल लिहिलंय ती खरंच ओरिजिनल. डोकं गरगरलं.

लेथवाला

मूळ प्रश्नाकडे. खोला, पण एकट्याने नाही. गिसच्या बंदुकीला चार हात लागतात.

१) आधी स्प्रिंग दाबून धरायची चौकट करा. सुताराचा लांब क्लॅम्प आणि लाकडी ठोकळे चालतात. बंदूक कॉक केलेली नसली तरी आतली स्प्रिंग दाबलेलीच असते. शेवटचा आटा सुटला की ती टोपी कपाळावर घेऊन येते. माझ्या वर्कशॉपच्या छताला अजून खळगा आहे. चष्मा घाला.

२) दंतचक्रं काढायच्या आधी प्रत्येक दात्यावर आणि पट्टीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. फोटोही काढा. आठवणीवर विसंबू नका.

३) जुना भुगा, तेल, ग्रीस, सगळं साफ. हवा जाते ते भोक खास तपासा, भुगा तिथेच अडकतो.

४) सील शक्यतो बनवलेलंच आणा. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) रॉड आणून लेथवर करता येतं, मी दोनदा केलंय, पण सीलच्या ओठाची जाडी जमायला तीन फुकट गेली.

५) स्प्रिंग जुनीच ठेवा, सरळ असेल तर. पिस्टनच्या मागच्या भागाला मॉलिब्डेनमची काळी पेस्ट बोटाने पुसल्यासारखी. सीलच्या पुढे काहीही नाही.

"डबल पॉवर"वाल्याचं नाव काढू नका. जाड स्प्रिंगने दोन पिस्टनचा समतोल बिघडतो, दाते झिजतात, आणि कागदाला भोक पाडायला ज्यादा ताकद लागतच नाही.

स्वाबियातला_सदा

+१. इथे साडेसात ज्यूलच्या आतल्या एअरगनवर पंचकोनात एफ असा शिक्का असतो, तेवढी अठरा वर्षांवरच्या कुणालाही विनापरवाना मिळते. ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्याला साडेसात ज्यूल म्हणजे सेकंदाला साधारण १६८ मीटर. म्हसोबांचे ११० म्हणजे जेमतेम सव्वातीन ज्यूल. १६० च्या वर गेली की देवाला नारळ फोडा, त्याहून जास्त मागू नका.

सील मी बघतो. मेहुणा पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय.

माळ्यावरचा_म्हसोबा

सदाभाऊ, काय बोलू. पत्ता व्यनिने (वैयक्तिक निरोपाने) पाठवलाय. मेहुण्यांना आंबा बर्फी की बाकरवडी?

स्वाबियातला_सदा

हा काय प्रश्न झाला? दोन्ही.

निवृत्त_नाना

तोवर एक अवांतर. म्हसोबा, वय काय तुमचं? पन्नाशीच्या पुढे असाल तर डायॉप्टरला घाबरू नका. साध्या खाचेच्या साईटने मला आता खाच, काडी आणि टार्गेट यांतलं एकच काहीतरी दिसतं. डायॉप्टरच्या बारीक भोकातून मात्र पुढची कडी आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतात. चाळिशी लागलेल्यांनी सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करावेत तसंच ते.

पुढची कडी मात्र मोठी निवडा. दहा मीटरच्या टार्गेटचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा, आणि दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. म्हणजे नऊ नंबरच्या वर्तुळात, साडेपाच मिलिमीटरच्या, नुसता ठिपका. नवखे लोक काळ्याला चिकटेल अशी घट्ट कडी लावतात आणि मग तो त्यात डुगडुगताना बघून घाबरतात. काळ्याभोवती भरपूर पांढरा राहू द्या. डोळा आपोआप मधोमध आणतो.

दहा_पॉइंट_नऊ

नानांनी सांगितलेलं आम्हालाही लागू. मी मागच्या महिन्यात कडी मोठी केली, सरासरी वाढली.

माळ्यावरचा_म्हसोबा

उशीर झाला, पण वृत्तांत देतो.

सील आलं. शनिवारी सकाळी मी आणि चुलतभाऊ बसलो. क्लॅम्प शेजारच्या सुताराकडून उसना आणला, "बंदुकीला" सांगितल्यावर तोही बघायला आला, आणि खरं सांगायचं तर चार हातांचे सहा झाले म्हणूनच जमलं. स्प्रिंग सरळ होती, सपाट टेबलावर लोळवून बघितली. जुन्या सीलचं पिस्टनवर फक्त एक कडं उरलं होतं, बाकी सगळा गूळ. हवेच्या भोकात एक खडा अडकला होता, दात कोरायच्या काडीने काढला.

नेलपॉलिश बायकोचं. रंगाचं नाव "रोज डस्ट". आता डायनाच्या पोटात कायमचं.

पहिल्यांदा जोडली आणि लिव्हर अर्ध्यात अडली. एक दाता चुकला. फोटो काढले होते, पण भावाने ते उलट्या बाजूने धरून बघितले. परत सगळं खोललं. दुसऱ्यांदा कॉक झाली आणि सुताराने टाळी वाजवली.

पहिले दहा बार थोडा धूर, थोडा वास. मग क्रोनो: १६४, १६६, १६५, १६३, १६५. धक्का जवळपास नाहीच, नुसता "टक्". लाकडी खोक्यात जुनी सतरंजी कोंबून मागे पत्रा लावला, दहा मीटर मोजले, बसून, टेबलावर उशी ठेवून पाच छर्रे. भोकं एकमेकांना लागलेली, एकच पाकळ्यांचं फूल. उभं राहून मात्र माझे सात आणि सहा. त्यात काकांच्या रायफलीची चूक नाही.

काकू शेजारच्या खोलीत होती. पहिला आवाज ऐकून बाहेर आली, दारात उभी राहिली, म्हणाली, "हा आवाज आला की मी कुकर बंद करायचे. शिट्टीने ह्यांचा नेम जायचा."

दुधाळीची_ताई

काकूंना एकदा उभं करा हो तिच्यामागे. वीस वर्षं आवाज ऐकलाय, फॉलो थ्रू उपजत असेल.

माळ्यावरचा_म्हसोबा

विचारलं. म्हणाली, "जड आहे मेली." मग टेबलावर टेकवून तीन मारले. दोन नऊ, एक दहा. मी तो कागद अजून कुणाला दाखवलेला नाही.

निवृत्त_नाना

अभिनंदन. दोन नऊ आणि एक दहा! काकूंना नमस्कार सांगा. आणि लेथवाले, तुमच्याकडे उरलेला पीयूचा रॉड असेल तर माझ्या ५५ ला एक करून बघू या का? चौकातला चांभार आता मोबाइलची कव्हरं विकतो.

लेथवाला

नाना, ५५ ला चामडंच राहू द्या. माझ्याकडे चामड्याचा तुकडा आहे, पिस्टनचा व्यास कळवा. साचा लेथवर करतो, भिजवून दाबून वाटी करू. जर्मन स्टोव्हचा वायसर.

नवा_गडी_२७

नमस्कार, मी नवीन सदस्य. माझ्याकडेही घरी जुनी डायना आहे, फुस्स आवाज येतो. जाड स्प्रिंग टाकून पॉवर डबल होईल का? आणि तेल कोणतं सोडू?

खवट_शेंगदाणा

कुणीतरी याला धरा. लेथवाल्यांच्या हातात क्लॅम्प आहे.